आई-बाबांना घेऊन ऑलिम्पियाला: वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीत तीन दिवस

आई-बाबा जुलैत नागपूरहून आले तेव्हापासून सिएटलचं सगळं दाखवून झालं होतं. स्पेस नीडल झालं, रेनिअर झाला, धबधबे झाले. आमच्या बाबांचा प्रॉब्लेम असा की त्यांना निसर्ग दहा मिनिटं पुरतो, अकराव्या मिनिटाला ते रेलिंगचं वेल्डिंग बघायला लागतात. पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर म्हणून लागले नि उपअभियंता होऊन रिटायर झाले, त्यामुळे दुसरं काय होणार. म्हटलं चला, यांना एकदा सरकारी इमारतीच दाखवू. ऑलिम्पिया सिएटलपासून साधारण साठ मैल, पण इकडचे आपले लोक पोर्टलंडला जाताना तिथून नुसते भुर्रकन निघून जातात, मीही आठ वर्षं तेच केलं.

दिवस पहिला, गुरुवार

निघायलाच साडेअकरा. नवरात्र चालू, घट नागपूरला काकूकडे, पण उपास आईने इथेही सोडलेला नाही, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, ताकाची बाटली असा सगळा संसार गाडीत. नवऱ्याला ऑफिस असल्याने आम्ही तिघंच. टॅकोमाला ट्रॅफिक लागला तेव्हा बाबांनी विचारलं, "पण राजधानी सिएटल काहून नाही?" मग सगळं सांगितलं, की १८५३ मध्ये वॉशिंग्टन टेरिटरी (म्हणजे राज्याचा दर्जा मिळण्याआधीचा प्रदेश) झाली तेव्हा पहिल्या गव्हर्नरने, आयझॅक स्टीव्हन्सने, ऑलिम्पियात बस्तान मांडलं आणि १८८९ ला राज्य झाल्यावर लोकांनी मत देऊन तेच कायम ठेवलं. "म्हणजे इथं मुंबईने नागपूरचं काही नेलं नाही," बाबा म्हणाले, आणि मग टॅकोमा संपेपर्यंत नागपूर करार. असो.

ऑलिम्पियाच्या थोडं आधी निस्क्वाली नदी समुद्राला मिळते तिथे पक्ष्यांसाठी राखलेली जागा आहे, बिली फ्रँक ज्युनियर यांच्या नावाची. लाकडी फळ्यांचा लांबच लांब पूल चिखलावरून खाडीत जातो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी, म्हणजे पाणी नाहीच, नुसता चकचकीत चिखल नि त्यात बगळे. आई म्हणाली एवढ्या लांब चिखल बघायला आणलंस का. पण गोष्ट अशी आहे की इथे शंभर वर्षं मातीचा बांध होता, खाऱ्या पाण्याला अडवून आत शेती केलेली, आणि २००९ मध्ये तो बांध मुद्दाम फोडला, समुद्राला परत आत येऊ दिलं, माशांच्या पिल्लांना वाढायला जागा पाहिजे म्हणून. बाबा तिथेच थांबले. "बांधायलाही पैसे, फोडायलाही पैसे." त्यांच्या हिशेबात हे बसेना. (हे वाक्य लक्षात ठेवा, शनिवारी परत येणार आहे.)

बिली फ्रँक हे निस्क्वाली जमातीचे. १८५४ च्या करारात, जो इथेच जवळच्या ओढ्याकाठी झाला, जमिनी गेल्या पण मासेमारीचा हक्क राहिला, असं कागदावर. प्रत्यक्षात मासे धरले म्हणून चौदाव्या वर्षी पहिली अटक, नंतर पन्नासहून जास्त वेळा. शेवटी १९७४ च्या कोर्टाच्या निकालात जमातींचा निम्म्या माशांवर हक्क मान्य झाला. "स्वतःच्या नदीतले मासे धरले म्हणून पोलीस?" आई म्हणाली आणि लाडवाचा डबा उघडला. आणि आता २०२१ च्या कायद्याने याच माणसाचा पुतळा राज्यातर्फे तिकडे वॉशिंग्टन डीसीच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनात, बसवायचं ठरलंय.

संध्याकाळी हॉटेल. हायवेवरून इथल्या कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, घुमट पहिल्यांदा दिसला तेव्हा उजेड जात होता, बाबा नुसतं "हां" म्हणाले. हा त्यांचा चांगल्या अर्थाचा हां होता.

दिवस दुसरा, शुक्रवार

कॅपिटॉल कॅम्पस म्हणजे एक इमारत नाही, टेकडीवर पसरलेलं पूर्ण आवार आहे. मधून कॅपिटॉल वे नावाचा रस्ता जातो, पश्चिमेला जुन्या दगडी इमारती नि पूर्वेला साठ-सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या ऑफिसांची रांग. गाडी पूर्वेला लावली. पार्किंगच्या मशीनमध्ये मी गाडीचा नंबर चुकीचा टाकला, मग परत पैसे भरले, चूक माझीच होती पण बाबांनी दिवसभर ते काढलं.

पूर्वेच्या बाजूला सरकारी ऑफिसांची ती प्रशासकीय इमारत टाइप कळा आहे, बघण्यासारखं फार काही नाही, एक सोडून. दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक. १९९९ सालचं. उंच कांस्याची पाती, त्यावर मेलेल्यांची नावं, आणि भोवती जवळपास ४,००० कांस्याच्या गव्हाच्या ओंब्या रोवलेल्या. या राज्याचा पूर्व भाग म्हणजे गव्हाचा प्रदेश, म्हणून. वारा आला की त्या एकमेकींना लागून बारीक किणकिणतात. आईने चप्पल काढली. कोणी सांगितलं नव्हतं, तिथे दुसरं कुणी काढतही नव्हतं, पण तिने काढली नि कडेला उभी राहिली, मग मीही काढली.

पुलावरून रस्ता ओलांडला की एकदम दुसऱ्या काळात. हिरवळ, चेरीची झाडं (एप्रिलमध्ये या म्हणतात, आम्ही सप्टेंबरात), मध्ये पहिल्या महायुद्धाचं पंखवाल्या विजयादेवीचं स्मारक, आणि समोर तो घुमट. २८७ फूट. ही मुख्य लेजिस्लेटिव्ह बिल्डिंग १९२८ ला पूर्ण झाली, न्यूयॉर्कच्या वाइल्डर आणि व्हाइट या दोन आर्किटेक्टनी काढलेली. त्यांनी १९११ च्या स्पर्धेत एक इमारत न देता इमारतींचा एक गटच दिला होता, म्हणजे लांबून समुद्राच्या खाडीवरून बघितलं तर सगळ्या मिळून एकच मोठी वास्तू वाटावी, समोरचं कोर्ट म्हणजे जोतं आणि त्यावर घुमट. कल्पना भारी आहे, फक्त इथे कोणी खाडीतून येत नाही, सगळे आपले रस्त्याने कडेकडून येतात. दर्शनी भाग पाण्याकडे, माणसं मागून. बाबांना यात खूप मजा आली.

उत्तरेच्या पायऱ्या ४२. आईचे गुडघे बघता रॅम्पनेच जाणार होतो पण ती म्हणाली चढते हळूहळू, मंदिराला चढते तशी. बाबा मोजत आले, त्यांच्या ४३ भरल्या, परत खाली गेले, परत मोजल्या, ४२. वॉशिंग्टन हे बेचाळिसावं राज्य म्हणून तेवढ्या. खांबाला बाबांनी नखाने खरवडून बघितलं (मी इकडेतिकडे पाहिलं कोणी बघत नाही ना). विल्किसनचा वाळूचा दगड, रेनिअरच्या पायथ्याकडच्या खाणीतला. "हा पाणी पिणार, शेवाळ धरणार," बाबा म्हणाले, आणि वर पाहिलं तर खरंच वळचणीला काळपट हिरवं.

आत जायला ना पास ना तिकीट, गाइडेड टूरसुद्धा फुकट. आमची गाइड सत्तरीतली व्हॉलंटिअर बाई, हळू नि स्पष्ट बोलणारी, त्यामुळे आई-बाबांना निम्मं तरी थेट कळत होतं, बाकी मी.

मधला गोल हॉल, रोटुंडा, अलास्काच्या राखाडी संगमरवराचा. वर टिफनीचं झुंबर, १०,००० पौंड, म्हणजे साडेचार टन, १०१ फुटांच्या साखळीला टांगलेलं. आपल्या डोक्यावर पन्नास फूट. बाबा बरोबर झुंबराच्या खालून हटून खांबाजवळ जाऊन उभे राहिले आणि तिथून विचारलं, भूकंप येतो ना इकडे?

येतो. १९४९, १९६५, २००१. गाइडबाई खुलल्याच, हा बहुतेक त्यांचा आवडता भाग. हा घुमट लोखंडी सांगाड्यावर नाही, दगड-विटांचाच, स्वतःच्या बळावर उभा, उत्तर अमेरिकेत असा याच्याहून उंच नाही म्हणे. १९४९ ला वरचा दगडी कळस इतका खिळखिळा झाला की तो काढून हलका स्टीलचा बसवला. आणि २००१ च्या फेब्रुवारीत ६.८ चा निस्क्वाली भूकंप (हो, कालच्याच नदीच्या नावाचा), त्यानंतर इमारत पूर्ण रिकामी करून २००४ पर्यंत दुरुस्ती, खर्च सुमारे १२ कोटी डॉलर. बाबांनी माझ्यामार्फत अर्धा तास प्रश्न विचारले. मला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं मराठीही येत नाही नि इंग्रजीही, त्यामुळे मध्ये काय पोचलं देव जाणे, पण दोघांच्याही माना एकसारख्या हलत होत्या.

आणि मग बाबांनी टाळी वाजवली. मोठ्याने. विजापूरला गोलघुमटात वाजवली होती ना, तशी. आवाज वर जाऊन फिरून आला, सिक्युरिटीवाल्याने मान वळवली, शाळेची पोरं आली होती ती सगळी हसली नि त्यांनीही टाळ्या सुरू केल्या. गाइडबाई म्हणाल्या घुमत तर असतंच. बाबा मला: "सात वेळा नाही आला." म्हणजे विजापूर जिंकलं.

या इमारतीच्या जन्माची कथा ऐकून तर त्यांना अगदी घरी आल्यासारखं झालं. १८९० च्या दशकात अर्नेस्ट फ्लॅग नावाच्या आर्किटेक्टचं डिझाइन मंजूर झालं, पाया भरून झाला, आणि मग मंदी आली, पैसा संपला, गव्हर्नर रॉजर्सनी काम थांबवलं. सरकारने गावातली कोर्टाची इमारत विकत घेऊन तिथे संसार थाटला आणि पाया तसाच उघड्यावर, वर्षानुवर्षं! पुढे तोच वाढवून त्यावर ही इमारत उभी केली. "पाया भरून काम बंद," बाबा आईला म्हणाले, "पाह्य, सगळीकडे सारखंच." पैसा कुठून आला तेही छान आहे, राज्य होताना केंद्राने कॅपिटॉलसाठी म्हणून १,३२,००० एकर जमीन देऊन टाकलेली, त्या जंगलाचं लाकूड विका नि बांधा. म्हणजे हा सगळा संगमरवर म्हणजे मुळात लाकूड.

त्यातून फर्निचर आलं ते गव्हर्नर हार्टलींना उधळपट्टी वाटली. तर या माणसाने काय करावं, महागातलं फर्निचर गाडीत घालून राज्यभर फिरवलं, लोकांना दाखवायला की बघा तुमचे पैसे कुठे चाललेत, आणि त्यात मुख्य आकर्षण कोणतं, तर पिकदाणी! आई इतकी हसली. आमच्या नागपुरात सरकारी जिन्याच्या कोपऱ्यांना पिकदाणीची गरजच नसते, त्यामुळे हा खर्च तरी वाचतो.

फरशीवर कांस्याची राज्यमुद्रा आहे, जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा, लोकांच्या पायांनी त्याचं नाक झिजलं म्हणून आता दोरी लावलीये. मुद्रा कशी बनली तर १८८९ ला टॅलकॉट नावाच्या सोनाराकडे काम आलं, त्याने शाईच्या दौतीचा तळ ठेवून बाहेरचं वर्तुळ मारलं, चांदीचा डॉलर ठेवून आतलं, आणि मध्ये पोस्टाचं तिकीट चिकटवलं. झाली मुद्रा. मला हे फार आवडलं. पुढे वॉशिंग्टनचं कांस्याचं डोकंही आहे, त्याच्या नाकाला मात्र हात लावायची परवानगी नव्हे प्रथाच, लक येतं म्हणून, ते सोन्यासारखं लख्ख झालंय. आईने नाकाला हात लावला आणि तोच हात आपोआप कपाळाला नि छातीला गेला, मग तिचीच ती ओशाळली. मी म्हटलं असू दे गं, गणपतीच समज.

सभागृहं दोन, सेनेटचे ४९ नि हाउसचे ९८. एकाचा संगमरवर जर्मनीचा, दुसऱ्याचा फ्रान्सचा, रिसेप्शन रूममधला इटलीचा. अधिवेशन जानेवारीत, एका वर्षी ६० दिवस, पुढच्या वर्षी १०५. बाबांनी विचारलं बाकीचे दिवस आमदार काय करतात, तर आपापली कामं, शेती, वकिली. त्यावर बाबांनी हिवाळी अधिवेशनाच्या आठवणी काढल्या, रविभवन-नागभवनची रंगरंगोटी, गिझर, गाद्या, आणि एका साहेबांच्या कॉटेजमध्ये ऐन वेळी नळच आला नव्हता ती गोष्ट, जी मी चाळीस वेळा ऐकलीये आणि जी मला त्या गाइडबाईंना ट्रान्सलेट करून सांगावी लागली. त्या मनापासून हसल्या. नळ न येणं बहुतेक जागतिक आहे.

दुपारी हिरवळीवर खिचडी. समोर टिव्होली कारंजं, कोपनहेगनच्या कारंज्याची नक्कल, १९५३ मध्ये भेट मिळालेलं. बाजूला गव्हर्नरचा बंगला, १९०८ चा, आवारातली सगळ्यात जुनी इमारत, बांधताना तात्पुरताच बांधला होता. तात्पुरतं ते कायम, हेही ओळखीचं.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त थांबवलं ते एका छोट्या गोष्टीने, जॉर्ज आणि इझाबेला बुश यांच्या स्मारकाने. २०२१ मध्ये बसवलंय, जवळ एक बटरनटचं झाड, अक्रोडाच्या जातीतलं. हा बुश म्हणजे प्रेसिडेंटवाला नाही. कृष्णवर्णीय माणूस, १८४४ ला बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर मिसुरीहून निघाला, ऑरेगनला पोचेस्तोवर तिथे कायदा झालेला की काळ्या लोकांनी राहायचं नाही. मग तो आणि त्याचे गोरे सोबती कोलंबिया नदीच्या उत्तरेला सरकले, इथे शेजारच्या टमवॉटरला १८४५ मध्ये वसले, म्हणजे हे गाव वसलं त्यात त्या कायद्याचाही हात आहे. शेती उत्तम, येणाऱ्या-जाणाऱ्याला धान्य द्यायचा. तरी जमीन त्याच्या नावावर होईना, कायद्यात काळ्या माणसाला हक्कच नव्हता. शेजाऱ्यांनी अर्ज केले, आणि १८५५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने खास त्याच्यासाठी कायदा करून ६४० एकर दिली. मत द्यायचा हक्क मात्र मरेपर्यंत नाही. त्याचा मुलगा विल्यम १८८९ च्या पहिल्याच विधिमंडळात निवडून आला. हे झाड बुशने मिसुरीहून आणलेल्या बियांच्या झाडाचं वंशज आहे.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ झाडाच्या बुंध्याकडे बघत होते. मग म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव चढवायला पार संसदेपर्यंत." आणि फोटो काढायला मला उभं केलं.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी फार्मर्स मार्केट. पेअर, मध, डेलियाची फुलं. आईने देवीला म्हणून झेंडूसारखी दिसणारी पिवळी फुलं घेतली. जाताना गावातली ती विकत घेतलेली जुनी कॅपिटॉल पाहिली, १८९२ ची, सिल्व्हेस्टर पार्कसमोर, किल्ल्यासारखी, तिचा घड्याळाचा मनोरा १९२८ ला जळाला नि १९४९ च्या भूकंपात आणखी बुरूज पडले. तरी मला नव्यापेक्षा हीच जास्त आवडली, का कोण जाणे. हिला कुठे बघायचं ते कळतं.

मग तळं. कॅपिटॉल लेक. टेकडीच्या खाली, घुमटाच्या बरोबर पायाशी. वाइल्डर आणि व्हाइटच्या नकाशात इथे आरशासारखं पाणी होतं, घुमटाचं प्रतिबिंब पडावं म्हणून. पण इथे मुळात देशूट्स नदीचं मुख, भरतीला पाणी नि ओहोटीला चिखल. आता विधानभवनाच्या पायाशी चिखल कसा चालेल, म्हणून १९५१ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूला बंधारा घालून खाडीचं तळं केलं. तळ्यात गाळ भरत गेला. नंतर न्यूझीलंडच्या बारीक गोगलगायी आल्या, २००९ पासून पाण्यात उतरायला, होड्या घालायला बंदी. आणि २०२२ मध्ये ठरलं, बंधारा काढायचा नि खाडी परत करायची.

बाबांनी बोर्ड पूर्ण वाचून घेतला. "बांधायलाही पैसे..." मी म्हटलं, "फोडायलाही पैसे, ऐकलं परवा." पण या वेळी ते हसले नाहीत. गाळाचं गणित त्यांना माहीत आहे. म्हणाले, नदीच्या तोंडावर बंधारा घातला तर गाळ जाईल कुठे, हे पहिल्या दिवशीच कोणीतरी सांगितलं असणार, फाइलमध्ये नोटही असेल. मग थांबून, "पण वरून सांगितलं असेल की साहेबांना आरसा पाहिजे." आई म्हणाली चिखल तर चिखल, बगळे तरी येतील, परवा किती होते.

तिथून दोनेक मैलांवर टमवॉटर फॉल्स, त्याच नदीवर. वर जुनी ऑलिम्पिया बिअरची ब्रुअरी, बंद पडलेली. खाली सामन मासे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते समुद्रातून परत येतात, म्हणजे बंधाऱ्यातून, तळ्यातून, इथपर्यंत. माशांसाठी काँक्रीटच्या पायऱ्या केल्यात, पाण्याच्या टप्प्याटप्प्याच्या हौदांच्या. पाणी फेसाळ, तपकिरी, आणि मध्येच हाताएवढा जाड मासा उसळून भिंतीवर आपटायचा नि मागे पडायचा. एक होता, शेपटीवर पांढरा चट्टा पडलेला, म्हणजे कातडंच गेलेलं, तो एकाच पायरीवर पुन्हा पुन्हा. आई कठड्याला धरून मोजत होती. सहा. सात. "अरे डावीकडून जा ना, डावीकडून!" नवव्याला गेला. आईने आजूबाजूच्या अनोळखी लोकांकडे पाहून टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या.

आणि गाडीत बसल्यावर बाबा म्हणतात, "ते तळं काढणार म्हणजे आरशातला फोटो आताच काढून ठेवायला पाहिजे होता." परत फिरवली गाडी. वारा सुटलेला, पाण्यावर नुसत्या चुण्या, घुमट कुठला, राखाडी पट्टे. वीस मिनिटं उभे होते फोन धरून. मग एक क्षण वारा पडला नि पाण्यात घुमट उलटा, अख्खा, कळसापर्यंत आला. त्याच वेळी एक बदक मध्ये. तोच फोटो निघाला, बदकासकट.

हायवेला लागेपर्यंत तो फॅमिली ग्रुपवर गेला होता. काकांचा रिप्लाय आला, "हे हैदराबाद का?" बाबांनी चष्मा लावला नि टाइप करायला घेतलं, एका बोटाने, टॅकोमा गेलं तरी टाइपच करत होते.